कंसातला हशा

विधानसभेत बोललेला शब्दन् शब्द टिपून घेणं ही माझी नोकरी. एकदा सभागृहाला खोटी माहिती दिली म्हणून एका अधिकाऱ्याला हक्कभंगासाठी लाकडी पिंजऱ्यात उभं केलं होतं. सरकारला कुणाचा तरी धाक हवा, तो इथेच बसतो, असं मला तेव्हा अभिमानाने वाटलं.

"मंत्रीसाहेबांनी तसंच लिहायला सांगितलं होतं," तो पुटपुटला.

"मोठ्याने बोला. बायकोपुढेही असंच बोलता का?" एका आमदाराने विचारलं.

सगळ्यांत आधी हसले ते पुढच्या बाकावर बसलेले तेच मंत्री. कोण हसलं ते लिहायची आमच्याकडे पद्धत नाही. मी कंसात नुसतं 'हशा' लिहिलं. त्यात मीही खपून गेलो.