तुतीच्या अंगणातली चोरी

ती दुपार अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. चौतीस वर्षांच्या नोकरीत अनेक चोऱ्यांचे तपास केले, पण या तपासाची नोंद कुठल्याच ठाण्याच्या रोजनामच्यात सापडणार नाही. मी निवृत्त झालो होतो. अंगावर वर्दीऐवजी मुलीने घेऊन दिलेला निळा स्वेटर होता, आणि घटनास्थळ ग्वाल्हेरहून फार दूर, तुर्कस्तानातल्या एका डोंगराळ गावात होते.

तिथे जाण्याचे कारण माझी पत्नी. आजारपणात तिने मोबाईलवर त्या गावातल्या एका लहान हॉटेलचे छायाचित्र पाहिले होते. दगडी अंगण, मधोमध तुतीचे झाड, झाडाखाली चार टेबले. "बरी झाले की इथे जाऊ," म्हणाली. बरी झाली नाही. तिला जाऊन वर्ष उलटल्यावर मुलीने त्याच हॉटेलात दोन खोल्या घेतल्या. मला जायचे नव्हते. माझा दिवस पुस्तकांवर नीट चालला होता. पण पत्नीची थोरली बहीण, म्हणजे आमची अक्का, म्हणाली, "भावोजी, पुस्तकं तिथेही वाचता येतात. मी येतेय. तुम्ही नाही आलात तर माझी बॅग कोण उचलेल?"

हॉटेल कसले, घरच ते. आठ खोल्या. एक विधवा बाई स्वयंपाक बघे, तिचा मुलगा हिशेब आणि पाहुणे सांभाळी, आणि चारच महिन्यांपूर्वी लग्न होऊन आलेली सून खोल्या झाडी. मुलाला कामापुरते इंग्रजी येत होते, बाकी सगळे बोलणे मोबाईलवर अनुवाद करून. उंबऱ्यापाशी जोडे काढावे लागत, त्यामुळे मला पहिल्या मिनिटाला घरी आल्यासारखे वाटले. मग सुनेच्या सासूबाईंनी बाटलीतून आमच्या तळहातांवर लिंबाच्या वासाचे पाणी ओतले. अक्काने सवयीने उजव्या हाताची ओंजळ केली, डोळे मिटले आणि तीर्थ समजून हात तोंडाकडे नेला. मुलीने तिचे मनगट वेळीच धरले.

"मावशी, पिऊ नकोस! ते कोलोन आहे, हाताला लावायचं असतं."

"मग पळी-पंचपात्र घेतल्यासारखं वाढतात कशाला?" अक्का म्हणाली.

सून मात्र तोंडावर हात धरून हसली. तिथून अक्काची आणि तिची गट्टी जमली. अक्का तिला मराठीत हाका मारी, ती तुर्की भाषेत ओ देई.

चौथ्या दिवसाची गोष्ट. न्याहारीला टेबलावर पंधरा-वीस वाट्या मांडलेल्या: ऑलिव्ह, चीज, काकडी, मुरंबे, मधावर घट्ट साय. पुस्तक वाचता वाचता माझ्या हातून पावाचा तुकडा खाली पडला. सुनेने तो उचलला, ओठांना लावला, मग कपाळाला टेकवला आणि अंगणाच्या भिंतीवर चिमण्यांसाठी ठेवला. आपल्याकडे पुस्तकाला पाय लागला की आपण करतो, अगदी तसे. मला ते आवडले. मी पुन्हा वाचू लागलो.

त्या दिवशी आम्ही डोंगरावरचे जुने अवशेष पाहायला गेलो. दुपारी चारला परतलो. अक्का वर गेली आणि पाचच मिनिटांत वरच्या सज्जातून तिचा आवाज आला. ग्वाल्हेरच्या मराठी माणसाला राग आणि भीती हिंदीतच येते.

"चोरी हो गई! भावोजी, पाटल्या गेल्या! कमरा साफ करके ले गई कोई!"

अंगणात सगळे पाहुणे चहा घेत होते. शब्द कळो न कळो, अर्थ सगळ्यांना कळला. आणि सगळ्यांच्या नजरा एकाच जागी गेल्या, कारण खोल्यांमध्ये जाणारी व्यक्ती एकच होती. सुनेच्या हातात चहाच्या पेल्यांचे तबक होते. सासूबाईंनी ते तिच्या हातातून काढून घेतले.

मला दोन धक्के बसले. पहिला असा की त्या पाटल्या माझ्या पत्नीच्या होत्या. तिने शेवटच्या दिवसांत त्या अक्काकडे दिल्या होत्या, मुलीला देण्यासाठी, हे मला माहीतच नव्हते. दुसरा असा की निघताना मी तीन वेळा बजावले होते, परदेशात सोने आणायचे नाही.

हॉटेलवाला मुलगा पांढरा पडला होता. तो म्हणाला, पोलिसांना बोलावतो. मी त्याच्याकडे एक तास मागितला. गाव लहान होते. पोलिसांची गाडी दारात उभी राहिली असती, तर सोने मिळो न मिळो, त्या मुलीचे नाव संध्याकाळपर्यंत घरोघर गेले असते. सोने पुन्हा घडवता येते.

"बाबा," मुलगी हळूच म्हणाली, "आपण छुट्टी मनवायला आलोय, ड्यूटीवर नाही."

"एक तास," मी म्हणालो.

तपासाला खबर लागते, आणि ती मागायची वेळ सहसा येत नाही. देणारा स्वतःच येऊन शेजारी बसतो. इथे इंदूरचे एक गृहस्थ होते. त्यांनी खुर्ची सरकवली. "भाईसाहब, मैं किसी पे इल्ज़ाम नहीं लगाता. पर सुबह आप लोगों के जाने के बाद बहू पीछे वाले दरवाज़े से एक थैली लेके निकली थी. आते वक़्त हाथ ख़ाली."

खबर खरी होती, हे आधीच सांगून टाकतो. खऱ्या खबरीनेच मी आयुष्यात जास्त वेळा चुकलो आहे.

मी सुनेला झाडाखाली बसवले. मुलगी मोबाईल धरून अनुवाद करत होती. ठाण्यात आम्ही एक शिस्त पाळायचो, हातातली खबर संशयितापुढे लगेच उघडी करायची नाही. म्हणून मी पिशवीचा विषय काढलाच नाही. खोलीत सोने दिसले का, एवढेच विचारले. ती "नाही" म्हणाली. मग नुसती रडत राहिली. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. खरे सांगतो, माझ्या मनात तेव्हा आले, हिनेच घेतले. माझी जुनी शिस्त सोडून त्या क्षणी थेट विचारले असते, "पिशवीत काय होते?" तर प्रकरण तिथेच संपले असते.

मग घटनास्थळ पाहायला वर गेलो. अक्का म्हणाली, पाटल्या सुटकेसच्या आतल्या खणात होत्या. सुटकेसला लहान कुलूप, ते शाबूत. किल्ली अक्काच्या गळ्यात. मी खुर्चीवर बसलो आणि तिच्याकडे पाहत राहिलो.

एक गोष्ट नोकरीत शिकलो होतो. ज्याची वस्तू हरवते तो माणूस ती ठेवलेली जागा पुन्हा पुन्हा तपासतो. तिथे नाही हे पक्के माहीत असूनही हात तिकडेच जातो. अक्काने सुटकेसकडे एकदाही पाहिले नाही. तिची नजर खिडकीजवळच्या मेजावर जात होती, मेजावरून खालच्या कचऱ्याच्या डब्यावर, आणि परत मेजावर. डबा रिकामा होता, त्यात नवी पिशवी घातलेली होती.

"अक्का, मेजावर काय होतं?"

"काही नाही. पाण्याची बाटली."

"अक्का."

"भावोजी, माझी उलटतपासणी घेऊ नका. मी तुमच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी आहे."

"म्हणूनच आवाज चढवत नाहीये. काय होतं?"

ती पलंगावर बसली. "दशम्या."

दुधात भिजवलेल्या तिच्या दशम्या प्रवासात चार-पाच दिवस टिकतात. मुक्कामाच्या चौथ्या दिवशी उरलेल्या सहा दशम्या ढालीसारख्या झाल्या होत्या. "आणि?"

"आणि त्यांच्या मधोमध रुमालात पाटल्या," ती एकदम बोलून मोकळी झाली. "तुम्ही रोज सकाळी खिसेकापूंचं पुराण सांगता! मग कुठे ठेवू? आमची आत्या भिंडहून येताना असंच करायची. डाकू सोन्याला हात घालतो, शिळ्या पोळीला नाही घालत. आयुष्यात कधी गेलं नाही तिचं."

चंबळच्या खोऱ्यातल्या डाकूंसाठी ती युक्ती बिनतोड होती. टापटिपीने खोली झाडणाऱ्या सुनेपुढे तिचा काय टिकाव लागणार!

"मग सुटकेसचं खोटं का सांगितलंत?"

अक्का रडू लागली. "कचऱ्याची गाडी सकाळीच जाते भावोजी, मी रोज बघते. चोरी झाली म्हटलं तर दोष चोराचा. कचऱ्यात गेलं म्हटलं तर माझा. धाकटीने विश्वासाने दिलं होतं. पोरीला काय तोंड दाखवू?"

"आणि खाली जी पोर रडतेय?"

"म्हणून तर मला खाली जाववत नाहीये."

मुलगी दारातच उभी होती. तिने मावशीजवळ बसून तिचा हात धरला. मी उठून खिडकीशी गेलो. खाली अंगणाच्या भिंतीवर चिमण्या टिपत होत्या. सकाळचा तो तुकडा, ओठांना लावलेला, कपाळाला टेकवलेला. जी मुलगी घासभर पाव जमिनीवर पडू देत नाही, ती सहा अख्ख्या दशम्या कचऱ्यात टाकेल? शक्यच नव्हते.

मी दोन-दोन पायऱ्या उतरत खाली गेलो. या वयात असे उतरू नये. मुलगी आणि अक्का मागोमाग आल्या. "तिला विचार," मी मुलीला म्हणालो, "मावशीच्या खोलीतली भाकरी तिने कुणाला दिली?"

मोबाईल बोलला. सुनेने रडणे थांबवले, माझ्याकडे पाहिले, आणि उठून मागच्या दाराकडे धावत सुटली. तिच्यामागे मी, माझ्यामागे मुलगी, मुलीमागे नऊवारीचा ओचा वर खोचून अक्का, तिच्यामागे सासूबाई, आणि सगळ्यांत शेवटी हातात चहाचा पेला घेऊन इंदूरचे गृहस्थ. मागच्या गल्लीत एका म्हाताऱ्याचे खुराडे होते. गावातले लोक शिळी भाकरी कचऱ्यात टाकत नाहीत. पिशवीत बांधून त्याच्या फाटकाला अडकवतात, तो ती भिजवून कोंबड्यांना घालतो, हे मला मागाहून कळले.

म्हातारा बादलीपुढे उकिडवा बसला होता. पिशवी उघडलेली होती. एक दशमी भिजून कोंबड्यांपुढे पडली होती, आणि एक तांबडा कोंबडा ती मोठ्या आवडीने खात होता. उरलेल्या पाच म्हाताऱ्याच्या मांडीवर होत्या. त्या एवढ्या कडक कशाने झाल्या असतील, या विचारात तो एक दशमी गुडघ्यावर आपटून पाहत होता. अक्काने त्याच्या मांडीवरून चवड उचलली, तिसरी दशमी बाजूला केली आणि रुमाल सोडला. दोन्ही पाटल्या होत्या.

सगळे एकाच वेळी बोलू लागले, तीन-चार भाषांत. म्हाताऱ्याला काहीच कळले नाही. त्याने उरलेल्या दशम्या मात्र परत मागून घेतल्या.

नंतर मी अक्काला म्हणालो, सुनेला आत बोलावून, शांतपणे दिलगिरी व्यक्त करू.

"आत कशाला?" अक्का म्हणाली. "सज्जातून ओरडले तेव्हा आत जाऊन ओरडले होते का? आळ चारचौघांत घातला, माफी कोपऱ्यात कशी मागू?"

ती अंगणाच्या मधोमध उभी राहिली. सगळ्या पाहुण्यांना थांबवले, सासूबाईंना हाताला धरून पुढे आणले, आणि मोबाईलमध्ये खणखणीत आवाजात बोलली: "चोरी झाली नव्हती. मी खोटं बोलले. तुमची सून सोन्यासारखी आहे. अक्कल माझी गहाण पडली होती." शेवटचे वाक्य मोबाईलने काय केले कोण जाणे, पण सासूबाई आधी हसल्या आणि मग सुनेला जवळ घेऊन बराच वेळ तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. मग अक्काने माझ्याकडे पाहिले. मीही उभा राहिलो. मी त्या मुलीवर संशय घेतला होता, हे सगळ्यांसमोर सांगितले आणि क्षमा मागितली. नोकरीत हे शब्द मी एकदाही उच्चारले नव्हते, हे तेव्हा ध्यानात आले. निर्दोष निघालेल्या माणसाला आम्ही "जा आता" म्हणायचो आणि त्याचे नाव धुऊन निघाले असे समजायचो.

दुसऱ्या दिवशी सून खोली झाडायला वर गेली तर अक्काने आधीच केर काढून चादरी घातलेल्या. सून कमरेवर हात ठेवून तुर्कीत रागावली, अक्का मराठीत भांडली. मी तुतीखाली बसून ऐकत होतो. मुलगी पाटल्या घालून समोर बसली होती. तिचे हात आईसारखे आहेत.

ग्वाल्हेरला परतल्यावर मात्र "जा आता" हे शब्द माझ्या मनातून जाईनात. नोकरीच्या सुरुवातीला इंदरगंजमधल्या एका घरी हार चोरीला गेल्याची तक्रार आली होती. घरकाम करणाऱ्या तरुण बाईला मी दिवसभर ठाण्याच्या बाकावर बसवून ठेवले होते. संध्याकाळी हार मालकिणीच्याच कपाटात सापडला. मी म्हणालो, "जा आता." ती गेली. ते काम तिला पुन्हा मिळाले नाही, एवढेच पुढे कानावर आले.

माझ्या वेळच्या एका हवालदाराने तिचा पत्ता काढून दिला. शहरातल्या पडाव भागात तिची भाजीची गाडी आहे. वय झाले आहे, केस पांढरे. शेजारी तिची सून मेथीच्या जुड्या बांधत होती. मी नाव सांगितले. तिने मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिले. मी म्हणालो, त्या दिवशी चूक माझी होती, तुम्ही काही घेतले नव्हते, मला माफ करा.

तिने हातातली वांगी टोपलीत नीट लावली. मग पदराला हात पुसले.

"साहब, एक बार और बोलो," ती म्हणाली. "ज़ोर से. बहू ने नहीं सुना."

गाडीशी दोन-तीन गिऱ्हाइके उभी होती. तीही थांबली. मी पुन्हा म्हणालो, या वेळी मोठ्याने.