देवी उभी की बसलेली

आमचे हे नावाडी. समुद्राचं पाणी आत शिरून गावाशेजारी मोठं तळं झालंय, त्याच्या मधोमध बेट आणि बेटावर तीन देवळं. जन्मभर यांनी लोकांना तिथे नेलं आणि आणलं. स्वतः मात्र एकदाही पायऱ्या चढले नाहीत. का, तर नावेपाशी कोणीतरी हवं! तरुणपणी एकदा दोरी सुटून नाव वाहत गेली होती. तेव्हापासून यांचा स्वतःच्या गाठीवरही विश्वास नाही. दोरी खांबाला बांधायची आणि वर तिचं टोक हातात धरून बसायचं. कपाळ माझं!

बरं, गप्प तरी बसावं. पण नाही. अर्धं तळं ओलांडलं की पाहुण्यांपुढे वर्णन सुरू. "मोठ्या देवळातली देवी उभी आहे. बघाल तर डोळ्यांचं पारणं फिटेल." अहो, देवी बसलेली आहे! लग्नाच्या वर्षी मी बघितली, त्यानंतर कितीदा तरी बघितली. सांगून सांगून माझ्या तोंडाला फेस आला. यांचं उत्तर ठरलेलं, "अगं, एवढे लोक ऐकतात, कोणी काही बोललं का?" लोक काय बोलणार? परतताना ते आपापले फोटो बघण्यात दंग.

मग नजरेनं दगा दिला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, गेलेली नजर परत येणार नाही आणि उरलेलीही फार टिकणार नाही. तरी हे ऐकतात कसले! वल्ही सोडवेनात. शेवटी मीच नावेत पुढे बसून "खांब आला, खडक आला" असं ओरडायला लागले. रोज विनवायचे, "अहो, दिसतंय तोवर एकदा देवी बघून या. मी आहे ना नावेत." हे म्हणायचे, "उद्या." उद्या वाऱ्याचा नेम नसायचा, परवा पाहुणे घाईचे निघायचे.

काल माझं डोकंच फिरलं. दोरीचं टोक यांच्या हातातून ओढून घेतलं आणि पायाखाली दाबून बसले.

"जा. नाहीतर ही दोरी मीच सोडते."

हे घाबरले. पाहुण्यांतल्या एका बाईंचा हात धरून निमूट पायऱ्या चढले.

परत आले तेव्हा मी विचारलं, "बघितली?"

"बघितली. बसलेली आहे. तुझंच खरं."

संसारात पहिल्यांदाच हे शब्द कानावर पडले. मी अभिमानानं अशी फुगले, काय सांगू! पाहुण्यांनाही मुद्दाम ऐकवलं, देवी बसलेली आहे बरं का.

परतीला, वल्हं मारता मारता, यांनी हळूच विचारलं, "अगं, तिचा चेहरा कसा आहे?"

"आत्ताच बघून आलात ना?"

"आत अंधार होता गं. बाई म्हणाल्या, देवी समोर आहे. म्हणून हात जोडले."

असा संताप आला! यांचा, त्या दोरीचा, त्या सगळ्या उद्यांचा. मी पुढचं बघायचं सोडून यांच्याकडे तोंड केलं आणि भांडल्यासारखी ओरडून सांगायला लागले, "डावा पाय दुमडलाय. उजवा खाली सोडलाय. नाक थोडं झिजलंय. आणि ओठ असे, की आता हसेल. ऐकताय ना?"

"ऐकतोय," हे म्हणाले. "खांब आला का बघ."

माझे डोळे भरलेले. मला तरी कुठे खांब दिसत होता!