रिकाम्या खुर्चीला मुजरा

शिवदासनानांची आणि माझी पहिली भेट अमळनेरहून धुळ्याला जाणाऱ्या एसटीत झाली. "गुरुजी, हाई जरा धरा," म्हणून त्यांनी डफ माझ्या मांडीवर ठेवला आणि स्वतः खिडकीची जागा घेतली. संस्कृत शिकवणारा मनुष्यही उपयोगी पडतो, हे धुळ्यापर्यंत सिद्ध झाले.

नाना वही गातात. वही म्हणजे आपल्या खान्देशातले डफावरचे कथागायन. मधूनमधून सोंगे येतात आणि राजाचे सोंग नानांचे. हा राजा स्वतःची स्तुती ऐकतो व प्रजेला विचारतो, सुख आहे ना? प्रजेचे उत्तर छापण्याजोगे नसते, खरे असते.

मग वरून हुकूम आला. यात्रेतल्या प्रत्येक कार्यक्रमाला समितीची मंजुरी हवी, आणि राजाचे सोंग आले तर त्या वही मंडळाची परवानगी रद्द. परवानगी गेली की यात्रा गेल्या, आणि यात्रांवाचून वही टिकणे कठीण.

नानांनी हुकूम तंतोतंत पाळला. राजा आलाच नाही. मध्यभागी रिकामी खुर्ची, तिच्यावर फेटा, आणि सगळे मंडळ वाकून वाकून मुजरे करते आहे. "महाराज, आम्ही सुखी शेतस ना?" असे विचारून, खुर्ची बोलत नाही म्हणून मंडळच उत्तर देते, "शेतस, शेतस." म्हणजे आहोत, आहोत.

समितीच्या साहेबांनी प्रयोग थांबवला. "हा राजा कोण?"

"राजा कोठे शे साहेब? खुर्ची शे."

"मग लोक का हसतात?"

"त्यास्ले ईचारा. आम्ही त बठ्ठा पाया पडी राहिनूत."

आम्ही संस्कृतवाले याला व्याजस्तुती, म्हणजे स्तुतीच्या आडून निंदा, म्हणतो आणि परीक्षेत दोन गुणांना विचारतो. नानांना त्यासाठी पुढचा सबंध हंगाम घरी बसावे लागले.

त्याच हंगामात डफवाले शांतारामभाऊ बाजूला झाले. मुलगा सरकारी नोकरीत, आणि त्याच्या वरिष्ठांनी तसे सुचवले होते. मंडळी चिडली. नाना म्हणाले, "त्यानं घर त्याले सांभाळू द्या," आणि दर बाजारच्या दिवशी त्यांच्याकडे जात राहिले. का, असे मी विचारले. "चहा चांगला शे," एवढेच.

यंदा निरोप आला की खुर्ची काढा, परवानगी घ्या, वर सरकारी महोत्सवात मानाचे पान. मंडळातल्या तरुणांना यात्रा हव्या होत्या. त्यात त्यांचे काही चुकत नव्हते. नाना म्हणाले, "तुम्ही जा भो, मी अडावत नही. मी मन्हा आंगनमा म्हनसू."

कोणी गेले नाही. आता वही नानांच्या अंगणात होते आणि गावाला बसायला जागा पुरत नाही. शांतारामभाऊ शेजारच्या ओट्यावर असतात. ऐकायला नव्हे, तिथे वारा चांगला येतो.

नाना यंदा पंच्याहत्तर वर्षांचे झाले. पंच्याहत्तरीला दीर्घायुष्य चिंतणे हा एरवी शिष्टाचार. नानांच्या बाबतीत ते धोरण आहे. साहेबांच्या बदल्या होतात, समित्यांची मुदत संपते, आणि त्या नेमणाऱ्यांनाही काळाचा नियम चुकलेला नाही. नानांनी फक्त गुडघ्यांना तेल लावावे, थंडीत कानाला रुमाल बांधावा आणि या सगळ्यांच्या नंतरही गात राहावे.