शैलाताईंच्या वाट्याचं पाणी

मला पोहायला शैलाताईंनी शिकवलं. नोकरी त्यांनी दिली. संभाजीनगरातली मुकुंदवाडीची खोली त्यांनी बघून दिली, आईचं ऑपरेशन त्यांच्या शब्दावर झालं, आणि समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तोही त्यांच्यामुळंच. हे आधी लिहून टाकतो. नाहीतर पुढचं वाचून तुम्हाला वाटायचं, या माणसाला आयुष्यात कुणी चांगलं भेटलंच नसेल, म्हणून असा वागला. तसं नाय. भेटलं होतं.

पुढचं मात्र मी कुणापाशीच बोललेलो नाही. गावाकडं बायको आहे, तिच्यापाशीसुद्धा नाही. मी आता कोचीला असतो, आणि इथं माझं मराठी कळणारा एकच माणूस रोज भेटतो — नेमकं त्याच्यापाशी हे बोलता येत नाही. म्हणून तुमच्यापाशी बोलतो. तुम्ही मला ओळखत नाही. बरं आहे ते.

सिल्लोडकडच्या गावातून नववीत शाळा सोडून मी संभाजीनगरला आलो. ताईंची रक्त-लघवी तपासायची लॅब होती. मी नळ्या धुवायचो, घरोघरी जाऊन सॅम्पल आणायचो. ताईंचे हात कायम ओले. दर पाच मिनिटांनी धुणार, आणि मला म्हणणार, "गणेश, धुतलेस का हात? खोटं बोलू नकोस, कोरडे दिसतायत." रागावायच्या, पण "तू" असं म्हणायच्या की घरातलं कुणी म्हणतंय असं वाटायचं. त्याआधी मला लोक "ए" म्हणायचे.

मिस्टर गेल्यावर ताईंनी लॅब दुसऱ्याला चालवायला दिली आणि त्यांना समुद्राचं वेड लागलं. त्यांनी कुठून तरी शोधून काढलं, की शिडाच्या बोटींच्या लांब पल्ल्याच्या शर्यती असतात, आणि पैसे भरले तर आपल्यासारख्या माणसाला खलाशी म्हणून त्या बोटीवर घेतात. आधी शिकवतात, मग कामाला लावतात. पाहुणा म्हणून बसायचं नाही — दोर ओढायचे, भांडी घासायची, पाळीनं जागायचं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "या वयात?" ताई म्हणाल्या, "मग काय पुढच्या जन्मी जाऊ?" मुलगा परदेशात. तो म्हणाला, एकटी जाऊ नकोस. म्हणून त्यांनी मला सोबत घेतलं. दोघांचे पैसे त्यांनीच भरले. बोटीवर नोकर म्हणून नाही नेलं मला — बरोबरीचा खलाशी म्हणून नेलं.

मुंबईहून निघायचं, लक्षद्वीपच्या एका बेटाला वळसा घालायचा आणि कोचीला पोचायचं, अशी ती शर्यत. बोटीचे मालक आणि कप्तान साळवी. शिस्तीचा माणूस, पण दिलदार. ताईंनी पहिल्याच दिवशी त्यांच्याकडून शब्द घेतला होता, की बेटाला वळसा घालताना चाक त्यांच्या हातात द्यायचं. चाक म्हणजे बोट वळवायचं. "तेवढ्यासाठी आलेय मी," त्या म्हणाल्या. साळवी हसले. "दिलं. पण उलट्या करत असाल तर नाही हं."

झालं असं, की उलट्या ताईंनाच लागल्या, आणि मला काहीच झालं नाही. दोर, गाठी, शीड — सगळं मला पटापट यायला लागलं. साळवी सगळ्यांदेखत म्हणाले, "हा मराठवाड्याचा पोरगा समुद्रावर जन्मायला हवा होता." तुम्हाला काय सांगू — शाळेत कुणी मला असं कधी म्हटलं नव्हतं. त्या एका वाक्यानं मी बिघडलो का? नाही. आधीच बिघडलेला असणार. वाक्यानं फक्त घाबरवलं — की आता हे हातातलं जायला नको.

आता पाण्याचं सांगतो.

बोटीवर गोड्या पाण्याची एक टाकी असते, आणि अडीनडीला एक सीलबंद कॅन. तेवढंच. अंघोळ नाही, भांडी समुद्राच्या पाण्यात, गोडं पाणी फक्त प्यायला आणि शिजवायला. ज्याची स्वयंपाकाची पाळी तो सकाळी सगळ्यांच्या नावाच्या बाटल्या भरून देतो. पाणी जपा, असं साळवींनी निघतानाच बजावलं होतं. पुण्याचा रोहन होता, दुसरे दोघं होते — त्यांनी त्याचा अर्थ घेतला, की कमी प्यायचं. मी काय अर्थ घेतला? मुकुंदवाडीत नळाला पाणी आठ-दहा दिवसांनी यायचं. गल्लीत कुणी "पानी आया रे!" ओरडलं, की ड्रम, हंडे, कुकर, परात, पोरांच्या शाळेच्या बाटल्या — जे हाताला लागेल ते भरायचं. जपणं म्हणजे भरून ठेवणं. दुसरं जपणं मला माहीतच नव्हतं.

पहिल्या पाळीलाच मी रिकाम्या दोन बाटल्या भरल्या आणि पुढच्या टोकाला, जिथं जादाची शिडं कोंबलेली असतात, तिथं खाली सारल्या. चोरी वाटली नाही. खरंच नाही वाटली. स्वयंपाक कुणाला आवडत नव्हता, म्हणून मी दुसऱ्यांच्या पाळ्याही मागून घ्यायला लागलो. सगळे खूश. आणि मी रोज भरतच गेलो. अधूनमधून जाऊन नुसता हात लावून यायचो. थंड लागायच्या हाताला. मग जीव थाऱ्यावर यायचा.

प्यायचो का? नाय. तेच तर सांगतोय.

मग वारा पडला. शिडं लोंबायला लागली, बोट जागच्या जागी डुलत राहिली. इंजिन लावलं तर शर्यतीतून बाद. साळवींनी टाकीत पट्टी घालून पाहिली आणि वर आले ते तोंड पाडून. पाणी हवं त्यापेक्षा बरंच खाली गेलं होतं.

दुपारी सगळ्यांना बसवलं. रोहन लगेच म्हणाला, "काकू सारख्या चुळा भरतात. मोजा की."

ताई म्हणाल्या, "मी समुद्राच्या पाण्यानं भरते चुळा. पहिल्या दिवसापासून."

"खारट पाण्यानं? उलटी आल्यावर? काकू, प्लीज."

साळवी माझ्याकडं वळले. "किचनला तूच असतोस. तू सांग."

इथं मला थांबू द्या जरा.

मला बोलता आलं असतं. दोन शब्दांचं काम होतं. बाटल्या दहा पावलांवर होत्या, काढून दिल्या असत्या तर पाणी परत टाकीत गेलं असतं, सगळे हसले असते, साळवी दोन शिव्या देऊन मोकळे झाले असते. मी मात्र फक्त त्यांचा चेहरा पाहत होतो — समुद्रावर जन्मायला हवा होता म्हणणारा चेहरा. आणि म्हणालो, "ताईंना सवय आहे, सर. लॅबमधली. सारखे हात धुतात. मी सांगून पाहिलं."

बघा, कसं बोललो. खऱ्याच्या कापडात गुंडाळून. "मी सांगून पाहिलं" हे तर कुणी विचारलंही नव्हतं.

ताई माझ्याकडं बघत राहिल्या. रागानं नाही. कुणाचा तरी रिपोर्ट चुकीचा आलाय आणि परत तपासायला हवा, तशा. मग साळवींना म्हणाल्या, "मी नाही वापरलं." एकदाच. परत म्हणाल्या नाहीत.

साळवींनी त्यांचं नाव चाकाच्या पाळीतून काढलं. बेटापाशी चाक द्यायचा शब्दही मागं घेतला. म्हणाले, "मॅडम, बोटीवर एक माणूस बेशिस्त झाला तर सगळे मरतात. सॉरी." सगळ्यांना सारखंच पाणी मिळणार होतं, पण ताईंच्या पोटात काही टिकत नव्हतं, त्यांना जास्त लागणार होतं. ते कुणीच दिलं नाही. त्यांनी आधीच ढोसलंय, असा हिशेब. रोहन त्यांना "टँकर" म्हणायला लागला. "सरका, टँकर येतोय." सगळे हसायचे. मी हसलो का?

हसलो. सगळ्यांत मोठ्यानं हसलो.

दुसऱ्या सकाळी त्यांचे ओठ फुटले होते. जीभ जड झाली होती. मी दोर गुंडाळत होतो, तिथं सरपटत आल्या आणि म्हणाल्या, "गणेश, तुझ्यातलं घोटभर दे रे." माझी बाटली कमरेला होती. अर्धी भरलेली. ज्या बाईनं मला पाण्यात तरंगायला शिकवलं — पोटाखाली हात धरून, मी ओरडायचो तरी हात न काढता — ती घोटभर मागत होती. आणि मी म्हणालो, "कप्तान बघतायत, ताई."

कप्तान बघत नव्हते. झोपले होते.

उठल्यावर ते म्हणाले, दुपारी सगळ्यांच्या बॅगा आणि कोपरे तपासू, कुणी पाणी लपवलं असेल किंवा टाकीची नळी कुठं गळत असेल तर कळेल. मी पुढं गेलो. शिडांखाली हात घातला, एकेक बाटली काढली, बाजूला वाकलो आणि समुद्रात ओतायला लागलो. आवाज होऊ नये म्हणून तिरपी धरून, सावकाश. आमच्या गल्लीत हंडाभर पाण्यासाठी बायका एकमेकींचे केस धरतात. मी गोडं पाणी समुद्रात ओतत होतो, आणि माझ्या मनात एकच — लवकर संपू दे.

शेवटची बाटली हातात होती तेव्हा मागं वळलो. ताई होत्या. उलटीसाठी कडेला आल्या होत्या, दोराला धरून. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे.

मला वाटलं, ओरडतील. ओरडल्या नाहीत. घसा कोरडा होता, नीट आवाजही फुटेना. म्हणाल्या, "अरे, प्यायचं तरी होतंस."

तेवढंच. मग तिथंच खाली बसल्या, आणि बसल्या त्या उठल्याच नाहीत. शुद्ध हरपली. साळवींनी सीलबंद ठेवलेला राखीव कॅन फोडला, इंजिन लावलं, शर्यत सोडली आणि बोट किनाऱ्याकडं वळवली. ताईंना सलाईन लागलं. बंदरात उतरवताना रोहन म्हणाला, "सगळ्यांची वाट लावलीत, काकू." त्या स्ट्रेचरवर होत्या. मी त्यांची बॅग धरून होतो. तेव्हा तरी बोललो का?

त्यांच्याबरोबर घरीसुद्धा गेलो नाही. साळवी म्हणाले, बोट कोचीला न्यायचीय, हात कमी पडतायत, तू येतोस का — आणि तुझं कामही बघू तिकडं. मी हो म्हणालो. ताईंना दवाखान्यातून मुलाच्या मित्रानं संभाजीनगरला नेलं. साळवींनी मला दिलेला शब्द पाळला. बोटीवर राहायला जागा, पगार, माझं नाव छापलेलं जॅकेट. त्यांचे लई उपकार आहेत माझ्यावर. माझी चूक त्यांना माहीत नाही, त्यात त्यांचा काय दोष.

पुढच्या वर्षी ताईंनी दुसऱ्या दोन बोटींवर विचारून पाहिलं. शर्यतींचं हे जग लहान आहे, सगळे कप्तान एकमेकांना ओळखतात. साळवींनी सांगितलं, "ती बाई पाणी चोरते." माझ्यासमोर फोनवर सांगितलं. मी चहा गाळत होतो. गाळत राहिलो.

त्याच वर्षी बेटाला वळसा घालताना चाक माझ्या हातात होतं. कुणीतरी फोटो काढला. तो मी ताईंना पाठवला. का पाठवला? आनंद झाला म्हणून? त्यांना टोचावं म्हणून? मी पुष्कळदा विचार केलाय. मला वाटतं, टोचावं म्हणूनच. ज्याचं आपण वाईट केलं त्याच्यावरच राग येतो — का येतो, ते मला माहीत नाही, पण मला येतो.

त्यांचं उत्तर आलं. "पट्टा अडकवलेला दिसत नाही. अडकवत जा, पडशील." चाकाशी उभं राहताना कमरेचा पट्टा बोटीला अडकवायचा असतो, तो मी विसरलो होतो.

त्यांनी कुणालाच सांगितलेलं नाही. मुलालाही नाही. सांगितलं असतं तर माझ्यापर्यंत आलं असतं.

आता त्यांचा एक हात थरथरतो, असं मुकुंदवाडीच्या मित्राकडून कळलं. चाक धरायचं म्हणजे दोन्ही हात लागतात. तरी मी धरवीन. साळवींना सगळं सांगेन, त्यांच्याच बोटीवर, रोहनसारख्या चार जणांसमोर, आणि त्या बेटापाशी ताईंच्या मागं उभा राहून त्यांचा थरथरणारा हात माझ्या हातानं चाकावर धरून ठेवेन. हे ऋण फेडीन मी, ताई. साळवी रोज सकाळी बोटीवर येतात. आजही येऊन गेले.