एक सदस्य म्हणाली

आमच्या ग्लेन वेव्हर्ली उपनगरात घरांच्या किमती आणि शाळांचे झोन सोडून तिसऱ्या विषयावर बोलणारी, माझ्या ओळखीतली एकमेव बाई म्हणजे सुमेधा. तिने तीस वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त तपासलं आणि उरलेल्या वेळात क्रांतीची वाट पाहिली. तिचा पक्ष, वेस्टर्न रेड लीग, ऐन भरात होता तेव्हा सभासद होते चौतीस. आज अकरा आहेत, आणि त्यातही दोघांचं आपसांत बोलणं नाही. मी त्यांची यथेच्छ टिंगल करते. ती हसते आणि पुढच्या रविवारी मलाच म्हणते, "मंजिरी, बैठकीला फुट्सक्रेला सोडतेस ना?" मी मुकाट्याने गाडी काढते.

ती पक्षाची सेक्रेटरी. १९९० साली पुण्याहून नवीनच आली होती, इंग्रजी भराभर लिहिता येत नव्हतं, म्हणून बैठकांचं इतिवृत्त मराठीत लिहायला लागली. अध्यक्ष ग्रॅहम खूश! वही पोलिसांच्या हाती लागली तरी त्यांना ओ की ठो कळणार नाही. त्याच धास्तीपायी त्याने नियम केला होता की वहीत कुणाचं नाव घालायचं नाही, फक्त 'एक सदस्य' लिहायचं. पोलिसांनी या मंडळींकडे कधी ढुंकूनही पाहिलं नाही, हा भाग वेगळा.

यंदा पक्षाला चाळीस वर्षं झाली, म्हणून ग्रॅहमने इतिहासाची पुस्तिका लिहायला घेतली. त्या इतिहासात विजय मोजून एक. १९९४ मध्ये, हॉस्पिटलच्या चादरी धुणाऱ्या एका लाँड्रीने चौदा बायकांना कामावरून काढलं. पक्षाची माणसं गेटवर जाऊन बसली, नऊ दिवस ट्रक अडवले, आणि चौदाही जणी परत कामावर गेल्या. गेटवर बसायची कल्पना ग्रॅहमची, असं मसुद्यात लिहिलेलं होतं.

सुमेधा जुनी वही घेऊन तडक माझ्याकडे आली आणि ओट्यावरच उघडली. 'एक सदस्य म्हणाली, पत्रकं नंतर छापू, आधी गेटवर जाऊन बसू.'

"म्हणाली," तिने शब्दावर बोट ठेवलं. "म्हणाला नाही. ग्रॅहम काय बाई आहे?"

तेव्हा पक्षात बायका दोनच होत्या. एक, लिहिणारी सुमेधा. दुसरी आयव्ही डिमेलो, वसईची, त्याच लाँड्रीत इस्त्रीला होती. तिला पुढे १९९७ मध्ये पक्षातून काढलं. गुन्हा काय, तर रविवारची बैठक सोडून चर्चमध्ये मासला जायची. क्रांती आणि चर्च एकत्र चालत नाहीत म्हणे. जशी काही यांची क्रांती चाललीच होती! आणि पक्षातून काढलेल्यांची नावं पुस्तिकेत येणार नव्हती.

सुमेधाने तिथूनच ग्रॅहमला स्पीकरवर फोन लावला.

"तू करून दिलेल्या इंग्लिश भाषांतरात 'अ मेंबर सेड' एवढंच होतं, मेट," तो म्हणाला. "कोण ते कसं कळणार?"

"मराठीत कळतं."

मग तो गोड आवाजात म्हणाला, "मग तुझं नाव घालू ना. तूही बाईच होतीस तिथे. नोबडी विल नो."

खरं सांगते, मी असते तर हो म्हटलं असतं. पस्तीस वर्षं राबली, कुठे साधं नाव नाही.

"आय विल नो, ग्रॅहम," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

पुढच्या बैठकीत मतदान झालं. आयव्हीचं नाव घालू नये, सहा विरुद्ध पाच. मतदानानंतर हरलेल्यांनी तोंड बंद ठेवायचं ही त्यांची शिस्त, आणि सुमेधाने ती जन्मभर पाळलेली. मला वाटलं, विषय संपला.

प्रकाशनाच्या दिवशी भाड्याच्या हॉलमध्ये वीसेक पाहुणे होते, लॅमिंग्टन केक होते. ग्रॅहमने सेक्रेटरीला १९९४ चं ते इतिवृत्त इंग्रजीत वाचायला सांगितलं. सुमेधाने आधी मूळ वाक्य मराठीत खणखणीत वाचलं, मग इंग्रजीत सांगितलं, की हे बोलणारी सदस्य म्हणजे आयव्ही डिमेलो.

"सुमेधा, यावर मतदान झालंय!" ग्रॅहम ओरडला.

"झालंय. मी हरलेय. तरी वाचणार आहे. मला काढायचं तर काढा, पण वाचून होईपर्यंत थांबा."

मी टाळी वाजवली. एकटीनेच. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. ती १९९७ चं पान काढत होती.

"'एका सदस्याला काढावं असा ठराव. बाजूने नऊ, विरोधात चार.' ही सदस्यही आयव्हीच," ती म्हणाली. "त्या नऊ हातांत एक माझा होता."

वीस वर्षांच्या मैत्रीत हे तिने मला कधी सांगितलं नव्हतं. मला तिचा राग आला आणि त्याच क्षणी तिला घट्ट मिठी मारावीशीही वाटली.

"शिस्त म्हणून हात वर केला. पक्षासाठी गेटवर बसलेली बाई आपण घालवली, आणि मी ते नीट अक्षरात लिहून ठेवलं. आयव्ही वेरिबीत राहते. उद्या तिच्या दारात जाऊन हे सांगणार आहे, तिने दार उघडलं तर. पण आधी इथे. तिला काढल्याचा ठराव रद्द करावा, असा ठराव मी मांडते. अनुमोदन कोण देतंय?"

एकही हात वर झाला नाही.

"सिट डाउन, सुमेधा," ग्रॅहम म्हणाला.

ती बसली नाही. बाकीच्या दहाही सदस्यांच्या तोंडाकडे एकेक करून पाहिलं आणि पुन्हा विचारलं, "अनुमोदन?"