हत्ती गवताआडची हाक

कळवणच्या अलीकडे, ओढ्याच्या वळणावर बहिरू एकटा राहतो. एकटा म्हणजे किती? तर बायको बायडाबाई गेल्यावर घरात दुसरं बोलणारं माणूसच उरलं नाही. मुलगा सोमनाथ अंबडला कारखान्यात. दिवसभरात बहिरूच्या वाट्याला एकच हाक यायची. शेतापलीकडच्या ओट्यावरून शेजारीण पुतळाबाई सकाळी ओरडायची, "बहिरूभाऊ, चहा झाला का?" हा इकडून ओरडायचा, "झाला, अक्का!" झालेला असो नसो, उत्तर हेच. एवढ्यावर गड्याचा दिवस निघायचा.

मग सोमनाथनं मधल्या शेतात हत्ती गवत लावलं. "बाबा, हे वाळवून, भुगा करून, दाबून कांड्या करतात. बॉयलरला कोळशाऐवजी जाळतात. तुम्ही नुसतं पाणी द्यायचं."

बहिरूनं उभा जन्म गुरांसाठी गवत कापलेलं. कंबरेला आलं की घातलाच विळा! पण कांडीवाला अमोल बजावून गेला, "आजोबा, कोवळं नको. ओलं कोण जाळणार? बांबूसारखं होऊ द्या." झालं! गवत वाढलं दोन पुरुष उंच. आधी पुतळाबाईचा ओटा गेला, मग कौलं गेली, शेवटी चुलीचा धूरही दिसेना. हाक आली तरी सळसळीत मुरून जायची. बहिरू मात्र रोज ओट्यावर उभा राहून म्हणायचा, "झाला, अक्का!" कुणाला? गवताला.

भाद्रपदात त्याला ताप भरला. दोन दिवस गडी अंथरुणात. तिसऱ्या दिवशी उठला तर उशाचा तांब्या कोरडा, आणि हा पडला कधी, उठला कधी, कुणाला पत्ता नाही. त्यानं खुंटीचा विळा काढला आणि दम खात खात, दुपार कलेपर्यंत गवतातून सरळ गल्ली पाडली.

सोमनाथला फोनवर कळलं तसा तो चिडला. "बाबा, पिकायच्या आधीच कापलं? वाया गेलं की!"

"गाय खाईल," बहिरू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो ओट्यावर उभा राहिला. गल्लीच्या टोकाला पुतळाबाई होती, पण पाठमोरी. तांदूळ निवडत होती. हाक नाही, काही नाही. जन्मात पहिल्यांदा त्यानंच हाक दिली, "अक्का, चहा झाला का?"

ती वळली. कपाळावर आडवा हात धरून बघत राहिली. "अगं बाई! तुमी हाय व्हय? मी म्हणलं, लेकानं नेलं अंबडला! हाका मारून घसा बसला माझा. तुमचा झाला का चहा?"

'झाला' अगदी ओठांवर आलेलं.

"नाय झाला."

"मग उभे काय राहिलात खांबासारखे? या की! रस्ता तर केलाच हाय."

तेवढा एक दिवस तो तिच्या ओट्यावर चहा प्यायला. दुसऱ्या दिवसापासून उत्तर पुन्हा 'झाला, अक्का'. घोटभर चहासाठी रोज रोज कोण कुणाच्या दारात जातं? पण ते गवत लय चिवट, पंधरवड्यात गुडघ्याला लागतं. म्हणून दर सोमवारी बहिरू विळा घेऊन गल्लीत उतरतो.