आमच्या ह्यांचा समुद्र

राजुरीत समुद्र न्हाई, ही गोष्ट सगळ्या गावाला ठाऊक व्हती. ती कमीपणाची वाटली फक्त आमच्या ह्यांना. गोरख त्यांचं नाव. मी घेत न्हाई, सासूबाई घेत्यात, आन् अशा घेत्यात की गोठ्यातली म्हैसबी मान वर करून बघती. टोमॅटोचा बागायतदार माणूस. नारायणगावच्या मार्केटला क्रेट उतरवायचं, घरी येऊन गप्प बसायचं, एवढाच कारभार. रागावणं न्हाई, हसणं न्हाई. माझी आई म्हणायची, जावई लई गरीब हाय. मी म्हणायची, गरीब न्हाई गं, घुम्या हाय.

ह्या घुम्याला समुद्राचं येड लागलं ते माझ्याच धाकट्या बहिणीच्या घरी. मी झाले तवा नाव आजीनं ठेवलं, म्हणून मी लंका. ती झाली तवा मामा कॉलेजात गेला व्हता, म्हणून ती स्नेहल. नावाप्रमाणं ती पुण्यात फ्लॅटात पडली आन् मी राजुरीत टोमॅटोत. तिचे मालक आदेशराव कंपनीत साहेब. दिवाळीला गेलो तर त्यांच्या हॉलमध्ये काचेची पेटी, आत सोनेरी मासं तोंडाची उघडझाप करत्यात. हे कौतुकानं वाकून बघाय लागले, काचेला बोट टेकलं. आदेशराव लगेच म्हणाले, "भाऊ, काचेला बोटं लावू नका, डाग पडतात."

ज्यानं टोमॅटो फक्त सॅलडमध्ये बघितला, त्याला टोमॅटोवाल्याची बोटं काय कळणार? झाडं बांधून बांधून हिरवा-काळा चीक बसतो, तो साबणाला भीक घालत न्हाई. ह्यांनी हात मागं घेतला, खिशात घातला आन् फराळ डाव्या हातानं खाल्ला. येताना गाडीत एकच वाक्य बोलले, "त्याचं गोड्या पाण्याचं हाय. आपण खाऱ्या पाण्याचं करू."

हौसेला मोल नसतं म्हणत्यात. आमच्या घरात हौसेला अक्कलबी नसती. ओतूरच्या वेल्डरकडनं लोखंडी स्टँड आला, त्याच्यावर म्हशीला आंघोळ घालता येईल एवढी काचेची टाकी. घाट उतरला की कोकण, खराखुरा समुद्र तिथं फुकट पडलाय, पण ह्यांचा समुद्र पुण्याच्या दुकानातनं मिठाच्या पुड्यांत आला. म्हटलं, मीठच पायजे तर गोठ्यात पोतं पडलंय. देवघरात चपला घालून गेल्यासारखं बघितलं माझ्याकडं. मग पाणी गाळायचं मशीन आलं, लाटा करायचा पंप, घाणीचा फेस काढायचं आणखी एक मशीन, निळा दिवा. लाईट गेली की इन्व्हर्टरवर समुद्र चालायचा आन् आमी अंधारात जेवायचो. उन्हाळ्यात समुद्राला पंखा, सासूबाईंना पुठ्ठा.

आन् एवढं करून टाकीत काय, तर दगड. "पाण्याला विरजण लागतंय," हे सांगायचे. "दगडात जंतू धरल्याबिगर मासा जगत न्हाई." सगळी आळी बघायला यायची. मी चहा करायची, पावणं चहा पीत दगड बघायचे, माना हलवायचे आन् जायचे. कुकडीच्या पात्रात दगड थोडे व्हते का राव?

पुढं मासं आले, केशरी, पांढऱ्या पट्ट्याचे. मग प्रवाळ आलं. सासूबाई म्हणाल्या, "अंगठीतलं पवळं जित्तं असतं व्हय रं?" जित्तं व्हतं. हिरवं, जांभळं, दिवा लागला की हळूहळू फुलायचं. खोटं कशाला बोलू, लई देखणं दिसायचं. एकदा तव्यावरची भाकरी करपली तरी मी बघत उभी. ह्यांनी मला बघताना बघितलं, म्हणून लगेच म्हटलं, "ह्याची भाजी व्हती का?"

शेवटी आली ती बया. कोळंबी. लाल अंग, पाठीवर पांढरा पट्टा, मिशा अंगापेक्षा लांब. समुद्रात म्हणे ही माशांचं अंग साफ करती. ह्यांनी टाकीत हात घातला, तर ही सरळ बोटांवर चढली आन् नखं कोराय लागली. एक बोट झालं की दुसरं. आदेशरावांच्या काचेला ज्याचे डाग पडत व्हते, तोच हात.

आन् आमचे हे हसले. लग्नाला एवढी वर्षं झाली, माझ्या कुठल्या कालवणाला हा माणूस असा हसला न्हवता. त्या दिवसापासनं रानातनं आले की कोपरापर्यंत हात धुवायचे आन् टाकीत घालून बसायचे. माझ्या ताटावर बसताना कधी एवढे धुतले न्हाईत. घरातला सुकटीचा डबा शेजारणीला गेला, कारण हिच्या भाऊबंदांचा वास हिला नको. मला राग यायचा, चांगला यायचा. सवत परवडली, तिच्याशी भांडता तरी येतं.

दुकानदारानं एक गोष्ट बजावली व्हती. तांबं पाण्याच्या आसपासबी नको, कोळंबी आन् प्रवाळ दोन्ही मरत्यात. झालं, ह्यांनी तांबं घरातनं हद्दपार केलं. कळशी माळ्यावर, घंगाळ माळ्यावर, आन् सासूबाईंचा माहेराहून आलेला पाण्याचा तांब्या, तोबी माळ्यावर. सासूबाई स्टीलच्या पेल्यातनं पाणी पीत आळीभर सांगत हिंडल्या, "किड्यापायी पोरानं आईचा तांब्या काढला." मी मध्ये पडले न्हाई. मला दोन्हीकडनं करमणूक व्हती.

मग स्नेहलचा फोन आला, रविवारी आमी येतो. आन् नेमकं तवाच टाकीत शेवाळ धरलं. ह्यांनी माशांना टोमॅटोसारखा खुराक घातला, दुसरं काय उगवणार? काच हिरवी, दगड हिरवं. दुकानदार फोनवर म्हणाला, खाणं कमी करा, दिवा कमी लावा, थोडं थोडं पाणी बदला, महिनाभरात जाईल. महिना कुठला? पावणं रविवारी.

आता शेवाळाचं औषध आमच्या गावाला कोणी शिकवायचं? शेततळं हिरवं पडलं की मोरचूदाचा निळा खडा फडक्यात बांधायचा आन् पाण्यातनं फिरवायचा. ह्यांनी तेच केलं. मला मुद्दाम बोलावून दाखवलं. "त्या दुकानदाराला काय कळतंय? त्यानं कवा शेततळं सांभाळलंय का?" एवढं लांब बोलणं त्यांनी आमच्या लग्नातबी केलं न्हवतं.

शेवाळ गेलं. पाणी असं निवळलं की टाकीत पाणी हाय का न्हाई कळंना. पण प्रवाळ मिटलं ते उघडंना, रंग उतरून हाडासारखं पांढरं पडलं. शनिवारी सकाळी कोळंबी दगडाखाली आडवी झालेली. ह्यांनी हात आत घातला, बोटं तिच्यापुढं धरली आन् तशीच धरून ठेवली. ती काय उठली न्हाई.

दुकानदाराला फोन लावला. काय टाकलंत, त्यानं विचारलं. मोरचूद, हे म्हणाले. तो म्हणाला, "अहो, मोरचूद म्हणजे तांबंच की." मासे वाचतील म्हणाला. पण दगडांनी तांबं पिलंय, ते काय आता सोडायचे न्हाईत. ह्या टाकीत दुसरी कोळंबी आणाल तर तीबी मरंल.

आईचा तांब्या माळ्यावर टाकला आन् रानातलं तांबं आपल्या हातानं आत सोडलं. अशा वेळी मला बोलायला लई सुचतं. त्या दिवशी पार तोंडापर्यंत आलं व्हतं, पण त्यांचा तो ओला हात बघितला आन् मी गिळलं.

रविवारी पावणं आले. आदेशराव टाकीपुढं उभे राहिले ते हलंनात. "मानलं भाऊ तुम्हाला. काय क्लिअर पाणी आहे! आणि हे पांढरंशुभ्र प्रवाळ, एकदम क्लास. आमच्या टाकीत नुसतं शेवाळ." त्यांनी काचेला नाक लावलं, पाची बोटं टेकवली, मोबाईलवर फोटो काढले.

दिवाळीपासनं हेच ऐकायसाठी सगळा खटाटोप केला व्हता. आता ऐकलं. मी ह्यांच्या तोंडाकडं बघत व्हते. मान डोलावली असती तर कोणाला काय कळलं असतं? मी तर सांगणार न्हवते.

"मेलंय ते," हे म्हणाले. "जित्तं व्हतं तवा रंगीत व्हतं. मी मारलं."

आदेशराव हसले, त्यांना वाटलं गंमत चाललीय. मग हळूच काचेवरनं हात काढला. स्नेहल हातातली पोह्याची बशी धरून तशीच बसली. सासूबाई उठून आत गेल्या आन् पाणी घेऊन आल्या. आज तांब्या मागितला असता तर ह्यांनी नाकारला नसता, पण त्यांनी स्टीलच्याच पेल्यातनं आणलं. "पी," एवढंच म्हणाल्या.

पावणं गेले तरी हे टाकीपुढंच बसून. दिवा लागला, पंप चालू, केशरी मासं इकडनं तिकडं. हात मांडीवर उपडे टाकलेले. मी सैपाकघरातनं कच्चा टोमॅटो आणला, चिरला, त्यांचा हात ओढून मांडीवर घेतला आन् नखं घासाय लागले. कच्च्या टोमॅटोनं चीक थोडा सुटतो.

"मला मिशा न्हाईत," मी म्हटलं, "पण चालवून घ्या."

हसले न्हाईत. एक हात झाल्यावर आपणहून दुसरा पुढं केला.